उन्हाळी झीरो

“सर, तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या, मायक्रोमीटर ओके आहे. पुढचं आम्ही बघतो.”

देशमुख साहेबांचा हा फोन आला तेव्हा त्यांच्या कारखान्याचा मायक्रोमीटर माझ्यासमोर टेबलावरच होता, आणि तो खरोखर ओके होता. लिहून द्यायला काहीच हरकत नव्हती. मला ते ‘पुढचं’ तेवढं खटकलं. एरवी सर्टिफिकेटसाठी साहेब स्वतः कधी फोन करत नाहीत. त्यांचा स्टोअरकीपर करतो, आणि तोही तारीख उलटून गेल्यावर.

“पुढचं म्हणजे काय?” मी विचारलं.

“अहो, पुण्याहून अख्खा लॉट परत आला ना. माल ओव्हरसाइज म्हणतात. फायनल इन्स्पेक्शनला आमच्या साळवे मॅडम. आता मायक्रोमीटर ओके म्हटल्यावर नॉट ओके कोण राहिलं? सिम्पल आहे.”

वाळूजला माझी छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे. मोजायचं साधन खरं बोलतं का, हे त्याच्यापेक्षा भरवशाच्या साधनाशी ताडून बघणं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. आजूबाजूच्या कंपन्यांतून मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्रेशर गेज येतात. आम्ही ते बंद, थंड खोलीत तपासतो आणि किती चुकतात ते लिहून देतो. इतक्या वर्षांत साधन नापास झालं म्हणून लोक माझ्याशी पुष्कळ भांडले. साधन पास झालं म्हणून एका माणसाची नोकरी घालवायची, हा प्रकार मात्र पहिल्यांदाच बघत होतो.

देशमुख साहेब त्या कारखान्याचे प्लांट हेड. तिथं गिअरबॉक्सची ॲल्युमिनियमची हाऊसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, बनतात आणि पुण्याच्या एका बड्या कस्टमरला जातात. त्या हाऊसिंगचा एक गोल भाग ऐंशी मिलिमीटरचा लागतो. सवलत दहा मायक्रॉन वर, दहा मायक्रॉन खाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून काय ते समजा. पुण्याच्या लोकांनी मोजलं तेव्हा माल ऐंशीच्या वर अकरा-बारा मायक्रॉन भरत होता. म्हणजे एक-दोन मायक्रॉननं लॉट परत.

“सर्टिफिकेट देतो,” मी म्हणालो. “पण त्याआधी एकदा तुमची खोली बघून जातो.”

“खोलीत काय बघायचं? खोली काय मोजते का?”

“मोजते,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेलो. मे महिना होता आणि पत्र्याच्या शेडखालून चालताना डोकं भाजून निघत होतं. इन्स्पेक्शन रूमच्या दारावर सुंदर पाटी होती: ‘तापमान २० अंश. दार बंद ठेवा.’ दार सताड उघडं होतं, कारण बंद केलं तर आत जीव गुदमरला असता. भिंतीवर एसी काढल्याची चौकोनी खूण होती. थर्मामीटर चौतीस दाखवत होता.

वैशाली साळवे तिथं उभ्या होत्या. बिडकीनच्या. रोज कंपनीच्या बसनं येतात. डिप्लोमा केला, मग नोकरी करता करता डिग्री केली. वय असेल तिशीच्या आत-बाहेर. मी नाव सांगितलं तशी त्यांनी खुर्ची पुढं केली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

“एसी कुठं गेला?” मी विचारलं.

“कॉन्फरन्स रूममध्ये, सर. पुण्याचे लोक ऑडिटला येणार व्हते. त्यांना गरम होऊ नये म्हणून काढून तिकडं बसवला.”

“मग ऑडिटवाल्यांनी ही खोली बघितली नाही?”

“बघितली ना. तिकडंच बसून. स्लाईडवर फोटो दाखवले. फोटोत एसी हाय.”

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. ज्यांच्या मालासाठी ही खोली थंड ठेवायची, त्यांनाच थंड ठेवण्यासाठी खोली तापवली होती. आणि त्या तापलेल्या खोलीत उभ्या राहणाऱ्या बाईला आता जाब विचारत होते.

वीस अंशाची भानगड सोपी आहे. उष्णतेनं वस्तू फुगतात. म्हणून जगभर ठरलंय की लांबी सांगायची ती वीस अंशाची. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. हाऊसिंग ॲल्युमिनियमचं आणि मायक्रोमीटर पोलादाचा, त्यामुळे दोघं तापले तरी हाऊसिंग पुढं निघून जातं. ऐंशी मिलिमीटरला मोटामोटी एका अंशामागं एक मायक्रॉन, जरासा कमीच. चौतीस अंशाला माल असतो त्यापेक्षा तेरा मायक्रॉन मोठा दिसणार. ही चूक दर वेळी एकाच बाजूला होते. शंभर वेळा मोजा, शंभर वेळा मोठाच दिसणार. अशा चुकीला आम्ही सिस्टिमॅटिक एरर म्हणतो.

“हे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

साळवे मॅडमचा आवाज चढला. “माहीत असल्याशिवाय सही करते का, सर? मी प्रत्येक रीडिंगमधून तेरा वजा करते. खोली दिवसभर तीस ते अडतीसमध्ये फिरती. मधला चौतीस धरला. ऐंशीवर बारा आलं, तेरा वजा केले, ऐंशीला एक कमी. पास. यात मी काय चोरी केली?”

त्यांचा हिशोब मी पाहिला. चोख होता.

“राजीनामा दे म्हणले,” त्या म्हणाल्या. “नाय दिला तर काढणार आणि लेटरवर कारण लिहिणार. मग वाळूजमध्ये कोण उभं करंल मला? सगळ्या एचआरवाल्यांचा एकच ग्रुप हाय.”

ते खरं होतं. त्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार येतात, दुपारी माणसांची नावं येतात. क्वालिटीच्या माणसाच्या नावापुढं ‘चुकीचा माल पास केला’ असं एकदा आलं की संपलं.

माझ्या लॅबमध्ये होता तो एक मायक्रोमीटर. त्याचाच जोडीदार इथं रोजच्या कामात होता. मी सोबत माझा सेटिंग रॉड आणला होता. हा पोलादाचा एक दांडा असतो, बरोबर पंचाहत्तर मिलिमीटरचा. मोठ्या मायक्रोमीटरचा झीरो, म्हणजे त्याची सुरुवात जागेवर आहे का, ते यानं तपासतात. दोघंही पोलाद असल्यामुळे सारखेच फुगतात आणि गर्मीचा प्रश्न येत नाही. मी दोन्ही थोडा वेळ शेजारी ठेवले आणि मग रॉड मोजला.

बारा मायक्रॉन कमी दाखवला.

पुन्हा मोजला, पुन्हा तेच. साळवे मॅडमनी स्वतः मोजून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

“तुम्ही झीरो तपासत नाही?” मी विचारलं.

“रॉड देतच नाय, सर. हरवतो म्हणून टूल रूमला कुलपात ठेवलाय. झीरो तिकडूनच लागून येतो. मी दोनदा रॉड मागितला व्हता. साहेब म्हणले, तुला कशाला पाहिजे.”

आम्ही टूल रूमला गेलो. तिथं काळे मिस्त्री. वीस-बावीस वर्षं त्याच कंपनीत. मी विषय काढताच त्यांनी लपवाछपवी अजिबात केली नाही. उलट कुणीतरी शेवटी विचारलं याचा त्यांना आनंद झालेला दिसला.

“तो उन्हाळी झीरो हाय, सर.”

“उन्हाळी म्हणजे?”

“उन्हाळ्यात माल फुगतो का नाय? मग मायक्रोमीटर जास्त दाखवतो. म्हणून मी त्याला आधीच खाली लावून देतो. पाऊस लागला की परत नीट करतो.”

“किती खाली लावता?”

“ते ऊन बघून. कधी आठ, कधी पंधरा. लई तापलं तर पंधरा.”

“आणि मोजून बघता का?”

“अंदाज हाय की माझा!”

“मग माझ्या लॅबला जो आला त्याचा झीरो बरोबर कसा होता?”

मिस्त्री माझ्याकडं बघतच राहिले. इतका शिकलेला माणूस असं कसं विचारतो, असा त्यांचा चेहरा. “लॅबला पाठवताना नीट करूनच पाठवतो ना, सर. तुम्ही फेल केला असता तर कंपनीची इज्जत गेली असती.”

मुलगी बघायला जायच्या दिवशी मुलाची दाढी-कटिंग करतात, नवा शर्ट घालतात, त्यातला हा प्रकार. आम्ही लॅबवाले त्या नव्या शर्टाला सर्टिफिकेट देत होतो.

“हे करायला तुम्हाला सांगितलं कुणी?”

“साहेबांनीच. मागं एका उन्हाळ्यात माल छोटा गेला व्हता, तवा म्हणले, काळे, याचं काहीतरी करा. मी केलं.”

आता मशिनवर जाणं भाग होतं. तिथले सेटर शेखभाई. मशिनवर माल किती साइजला कापायचा ते हे ठरवतात. त्यांचा मायक्रोमीटरही टूल रूममधूनच लागून येतो. त्यांना विचारलं, तुम्ही रीडिंग किती धरता?

“ऐंशी के ऊपर बारा,” ते म्हणाले. “गर्मी में माल छोटा जाता सर, हर साल का है. इसलिए मैं ऊपर रखताऊं.”

“हे काळे मिस्त्रींना माहीत आहे? साळवे मॅडमना?”

“नै. किसी को बोलता नै मैं.”

“का?”

“बोले तो वो भी ऊपर रखते फिर!”

मी तिथंच एका उलट्या क्रेटवर बसलो. गर्मीत ऐंशी दिसलेला माल थंड झाल्यावर लहान भरतो, म्हणून शेखभाईंनी तो मुद्दाम वर ठेवला होता. तो वरचा हिस्सा साळवे मॅडम वजा करत होत्या. या दोघांचं एकमेकांशी बोलणं न होताही बरोबर जुळत होतं, आणि एवढंच असतं तर पुण्याला माल बरोबर गेला असता. काळे मिस्त्रींचे बारा मात्र कुणाच्याच हिशोबात नव्हते. एकाच गर्मीवर तिघांनी इलाज केला होता, आणि तिसरा इलाज जास्तीचा झाला होता.

मीटिंग कॉन्फरन्स रूममध्ये झाली. एसी इतका जोरात होता की चहा कपात पडेपर्यंत गार व्हायचा. शेठ आले होते, कारखान्याचे मालक. दुकानदारीतून वर आलेला, आकड्याला पक्का माणूस. देशमुख साहेब त्यांच्या शेजारी बसले. साळवे मॅडमना दाराजवळची खुर्ची मिळाली. मी सगळं क्रमानं सांगितलं.

“म्हणजे काळेचा राजीनामा घ्यायचा?” देशमुख साहेबांनी लगेच विचारलं. राजीनामा कुणाचा तरी हवाच होता, फक्त नाव बदलायचं होतं.

“थांबा,” शेठ म्हणाले. “सर, मला एक आकडा सांगा. माल नेमका किती चुकला? तेवढा घासून टाकू. विषय संपला.”

माल मोठा होता हे त्यांचं नशीब. मोठा माल घासून लहान करता येतो, लहान मोठा करता येत नाही.

“आठ आणि पंधराच्या मधला आकडा साडेअकरा मायक्रॉन,” मी म्हणालो. “पण नेमका माहीत नाही. काल रॉडवर बारा निघाला, तरी तो लॉट मोजला तेव्हा काळेंनी किती लावला होता, त्याची नोंद नाही.”

“माहीत नाही, मग तुमचा उपयोग काय?”

“किती माहीत नाही, ते सांगणं हाच माझा धंदा आहे.”

शेठ हसले नाहीत. देशमुख साहेब पुढं सरकले. “अहो, दहा-दहा रीडिंग घ्या, ॲव्हरेज काढा. आम्ही नेहमी तेच करतो.”

“साहेब, तुमच्या घरातलं घड्याळ बरोबर असतं का?”

“पुढं आहे.”

“किती?”

“असेल पाच-दहा मिनिटं. मिसेसनं केलंय.”

“माझ्याकडं बायकोनं पाच मिनिटं पुढं केलं, मुलीला शाळेला उशीर होतो म्हणून. मुलीला ते कळलं, ती मनातल्या मनात पाच वजा करायला लागली. मग बायकोनं गुपचूप आणखी थोडं पुढं केलं. आता घरात कुणालाच माहीत नाही घड्याळ किती पुढं आहे. तुम्ही त्याच्याकडं दहा वेळा बघून सरासरी काढली, तर खरी वेळ कळेल का?”

“नाय कळणार,” शेठ म्हणाले. “आमच्याकडं पण असंच आहे.”

“मग शेठ, तुम्हाला एवढंच माहीत असेल, की घड्याळ पाच ते पंधरा मिनिटं पुढं आहे, आणि गाडी पकडायची आहे. काय कराल?”

“दहा वजा करीन.”

“आणि?”

“आणि तरी पाच मिनिटं आधी निघीन.”

“झालं. जेवढी चूक माहीत आहे तेवढी वजा करायची, आणि जेवढी माहीत नाही तेवढी जागा सोडून निघायचं. ती जी जागा सोडतो, तिला आम्ही अनिश्चितता म्हणतो.”

“आपल्या कंपनीत अनसर्टन्टी झीरो पाहिजे,” देशमुख साहेब म्हणाले. हे ते माझ्याकडं न बघता शेठकडं बघून म्हणाले.

“मोजणं बंद करा, मग झीरो होईल,” मी म्हणालो. राग आवरेना, काय करणार.

इतका वेळ गप्प बसलेल्या साळवे मॅडमनी हात वर केला. ज्या मीटिंगमध्ये आपली नोकरी जाणार की राहणार ते ठरतंय, तिथं त्यांनी गणिताची शंका विचारली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

“सर, पण झीरो त्या लॉटला एका जागीच व्हता ना. आठ असल नायतर बारा असल, पण एकच. तो काय फाशासारखा दर वेळी वेगळा पडत नव्हता. मग त्याची शक्यता कशी काढायची?”

हा प्रश्न मला चांगले चांगले इंजिनिअरही विचारत नाहीत. मी त्यांना आमच्या सोयगावच्या स्टँडचं सांगितलं. तुम्ही स्टँडवर पोचलात. शेवटची एसटी एकतर गेलेली आहे नाहीतर यायची आहे. जे काय आहे ते ठरलेलं आहे, गाडी काही फासे टाकत बसलेली नाही. तरीही तुम्ही मनात अंदाज बांधताच. चहाच्या गाडीवाला अजून आहे, चार माणसं पिशव्या घेऊन उभी आहेत, म्हणजे बहुतेक यायचीय. ती शक्यता गाडीची नसते. ती तुमच्याजवळ माहिती किती आहे त्याची असते. काळे मिस्त्रींचा झीरो एका जागी होता, पण आपल्याला ती जागा ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की आठ आणि पंधराच्या मध्ये कुठंतरी, आणि मधल्या एका आकड्यापेक्षा दुसरा जास्त खरा मानायला आपल्याकडं काही कारण नाही.

“म्हणजे सगळ्यांना सारखी संधी,” शेठ म्हणाले.

“हो. कागदावर काढलं तर सपाट डोक्याचा आयत दिसतो. म्हणून त्याला आयताकृती वितरण म्हणतात.”

मी फळ्यावर लिहिलं. मधला आकडा साडेअकरा, तो दुरुस्त करायचा. उरलं साडेतीन इकडं, साडेतीन तिकडं. पण अख्खे साडेतीन धरणं म्हणजे फारच घाबरणं झालं, कारण चूक अगदी टोकालाच असेल असं काही नाही. अशा आयताला तीनच्या वर्गमूळानं भागायचं असतं. आले दोन. मग खोलीचं तापमान. तीस ते अडतीस, मध्ये चौतीस. चार अंश इकडं-तिकडं म्हणजे जवळपास चार मायक्रॉन, तेही तसंच आयताकृती. ते भागून आले दोनला थोडे वर.

“दोन आणि दोन चार,” शेठ म्हणाले.

“नाही शेठ. लग्नाला बँडवाला उशिरा येऊ शकतो, गुरुजीही उशिरा येऊ शकतात. पण दोघंही एकाच दिवशी, आणि दोघंही जास्तीत जास्त उशिरा, असं क्वचित होतं. म्हणून सरळ बेरीज करत नाहीत. दोन्हीचे वर्ग करायचे, मिळवायचे, मग वर्गमूळ काढायचं.”

“आमच्याकडं दोघंही उशिराच येतात.”

“मग ते आधी एकमेकांशी बोलून येतात. त्याचं गणित वेगळं आहे.”

आता मात्र शेठ हसले. हिशोब झाला. वर्गमूळ तीनच्या आसपास आलं, आणि पंच्याण्णव टक्के खात्री हवी म्हणून त्याची दुप्पट केली. सहा मायक्रॉन. अधिक सहा, उणे सहा.

“ज्या मालाला दहा मायक्रॉनची सवलत आहे,” मी म्हणालो, “तो तुम्ही सहा मायक्रॉनच्या धुक्यातून बघत होता. त्यातही नजर आधीच साडेअकरा मायक्रॉननं एका बाजूला वळवलेली, आणि ती वळवलीय हे बघणाऱ्याला सांगितलेलं नाही. साळवे मॅडमना ऐंशीला एक कमी दिसलं. खरा माल ऐंशीच्या वर दहा-अकरा होता. पुण्यालाही साधारण तेवढाच भरला. त्या मायक्रोमीटरनं, त्या खोलीत, मी स्वतः मोजलं असतं तरी हा माल पासच केला असता. मग माझाही राजीनामा घ्या.”

 

“तिनं विचारायला पाहिजे होतं,” देशमुख साहेब म्हणाले.

“दोनदा रॉड मागितला व्हता, साहेब,” साळवे मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच म्हणले, तुला कशाला पाहिजे.”

शेठ देशमुख साहेबांकडं वळले. “आणि काळेला झीरो खाली लावायला कुणी सांगितलं?”

“मला नेमकं आठवत नाही, शेठ.”

“नेमकं नसलं तरी चालेल, साहेब,” मी म्हणालो. “तुम्ही सांगितलं नाही, याची शक्यता किती धरू? शून्य ते किती?”

देशमुख साहेबांनी रिमोट उचलला. एसी आणखी दोन अंश खाली आणला.

शेठनी फळ्यावरचा हिशोब कागदावर उतरवून घेतला. मग म्हणाले, “साळवेबाई, राजीनाम्याचा विषय बंद. रॉड तुमच्याकडं राहील, किल्ली पण. काळेला सांगा, हात लावायचा नाही. आणि देशमुख, हा एसी उद्या जिथला तिथं बसवा.”

साळवे मॅडमनी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण त्यांनी पुसले नाहीत. बाहेर आल्यावर मला फक्त म्हणाल्या, “सर, ते वर्गमूळ तीन कुठून येतं, ते एकदा नीट शिकवा.” मला फार बरं वाटलं. त्यांना मी लॅबमध्ये बोलावलं आणि अर्धी दुपार घालवून शिकवलं.

लॉट घासून पुन्हा पुण्याला गेला आणि पास झाला. शेखभाईंनी माल वर ठेवणं बंद केलं. निदान तसं म्हणतात. एसी इन्स्पेक्शन रूममध्ये परत आला, आणि त्याबरोबर दुसरं संकट आलं. ती खोली आता अख्ख्या कारखान्यातली सगळ्यात थंड खोली झाली. रोज सकाळची प्रॉडक्शन मीटिंग देशमुख साहेब तिथंच घ्यायला लागले. सहा-सात माणसं, दोन लॅपटॉप, चहावाला आत-बाहेर, दार उघडं. खोलीचं तापमान चढायला लागलं. साळवे मॅडमनी एकदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, पाचच मिनिटं. दुसऱ्यांदा सांगितलं, पुन्हा पाचच मिनिटं.

मग त्यांनी सांगणं सोडलं आणि मोजायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्यांनी मला खोलीचं अनसर्टन्टी बजेट तपासायला पाठवलं. बजेट म्हणजे मोजण्यात कुठून कुठून किती चूक येऊ शकते, त्याची यादी. त्यात रॉडची चूक होती, मायक्रोमीटरची होती, एसीच्या चढउताराची होती. आणि शेवटची ओळ अशी होती: ‘प्लांट हेड व इतर खोलीत असताना होणारी तापमानवाढ, शून्य ते चार अंश. वितरण आयताकृती. भागिले वर्गमूळ तीन. कारण दूर करणं शक्य नाही.’

मी फोन केला. “मध्य काढून दुरुस्ती केली का? चारचा मध्य दोन, तेवढं वजा करायचं, उरलेलं बजेटमध्ये.”

“केली, सर.”

“मग बरोबर आहे. यावर साहेबांची सही लागते ना?”

“झाली. वाचून केली, सर. शेवटच्या ओळीवर थांबले.”

“काय म्हणाले?”

“म्हणले, माझ्यामुळं किती फरक पडतो? मी म्हणलं, दुरुस्ती केल्यावर अधिक-उणे दोन मायक्रॉन. तर म्हणले, फक्त दोनच?”

चूक काढून टाकता येत असेल तर काढावी. येत नसेल तर तिची हद्द आखावी, हिशोबात धरावी आणि नावानिशी लिहावी. साळवे मॅडमनी नाव न लिहिता हुद्दा लिहिला. एवढी सवलत कामाच्या ठिकाणी द्यावी लागते.